साहेबांचं एकुलतं एक छप्पर

सुताराच्या कारखान्यात भुसा कधी संपत नाही. संध्याकाळी झाडून घ्यावा, सकाळी पुन्हा पायाखाली आहेच. किश्शांचं तसंच आहे. पेंबरसाहेब आमच्याकडे यायला लागले आणि रोज काही ना काही घडायला लागलं. साठत साठत इतकं साठलं, की आता बाहेर काढल्याशिवाय पाय टाकायला जागा नाही!

पण मी पडलो सावकाश बोलणारा. किस्सा सांगायला बसलो की माझं "तर काय झालं" होईपर्यंत इब्राहिमभाई शेवट सांगून मोकळे होतात, आणि मंडळी हसून चहाला उठतात. म्हणून लिहायला घेतलं. शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे लिहिणंही सावकाशच चाललंय. पण कागदावर मध्ये कोणी तोंड घालत नाही, हे बरं आहे.

मी कुडाळकडचा सुतार. मस्कतजवळ रुसैलला लाकूडकामाचा एक कारखाना आहे, तिथे कैक वर्षं मेस्त्री आहे. इब्राहिमभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, आमचे फोरमन. त्यांना इंग्रजी येतं, अरबी येतं, आणि गप्प बसणं सोडून सगळं येतं. मालक ओमानी, माझ्याच वयाचे. त्यांना आम्ही अर्बाब म्हणतो.

आणि पेंबरसाहेब म्हणजे इंग्लंडच्या एका कोपऱ्यातल्या जिल्ह्यातले चर्चचे आर्किटेक्ट. बायको गेल्यावर मस्कतला लेकीकडे राहायला आले होते. इथे चर्चसाठी सरकारने दिलेलं आवार आहे. त्यात एक लहानसा प्रार्थनेचा हॉल बांधायचं तिथल्या एका कमिटीच्या मनात आलं. घरबसल्या आर्किटेक्ट मिळाला म्हणून त्यांनी साहेबांना नकाशा काढायला सांगितलं. साहेबांनी लाकडी छप्पर काढलं, आणि ते छप्पर करायचं काम आमच्याकडे आलं. साहेबांचं इंग्रजी आम्हाला आणि आमचं बोलणं साहेबांना इब्राहिमभाई सांगायचे.

* * *

साहेबांना एक सवय होती. कुठेही आत शिरले की आधी वर बघायचे. माणसं नंतर.

पहिल्या दिवशी अर्बाबच्या ऑफिसात आले. अर्बाबनी उठून हात पुढे केला. साहेब छताकडे बघतायत! अर्बाबचा हात तसाच. शेवटी इब्राहिमभाईंनी साहेबांचा हात धरून अर्बाबच्या हातात दिला.

बसले. खजूर आले, काहवा म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी आली. साहेब तरी वरच. म्हणाले, "इथे गळतंय."

इब्राहिमभाईंनी सांगितलं तसे अर्बाब हसले. "साहेबांना सांग, ओमानमध्ये पाऊस वर्षातून एकदा येतो. तोही आला तर."

तेवढ्यात टप् करून एक थेंब साहेबांच्या काहव्यात पडला.

एसीचं पाणी होतं. पाइप तुंबून छतात मुरलं होतं. अर्बाबनी कपाकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि म्हणाले, "इब्राहिम, हे रोज आले तरी माझी हरकत नाही. फक्त माझ्या घरी नेऊ नकोस, बायको मला नवं घर बांधायला लावेल!"

* * *

एकदा चहाच्या वेळी इब्राहिमभाईंनी विचारलं, "साहेब, आजवर चर्चं किती बांधलीत?"

"एकही नाही."

इब्राहिमभाईंना वाटलं, आपलंच इंग्रजी घसरलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

मग साहेबांनी नीट सांगितलं. त्यांच्या जिल्ह्यात गावोगाव चर्चं आहेत, आणि सगळी शेकडो वर्षं जुनी. नवं कोणाला हवंय? त्यामुळे जन्मभर दुरुस्ती. कौलं फिरवा, पन्हळी साफ करा, कुजलेला वासा काढून दुसरा घाला. आणि दुरुस्ती जितकी चांगली तितकी ती दिसत नाही! काम संपलं की गावकरी यायचे, आत फिरायचे आणि म्हणायचे, "काहीच केलेलं दिसत नाही." ही शाबासकी!

"माझ्या लेकीला कोणी विचारलं, तुझ्या बापाने काय बांधलं," साहेब म्हणाले, "तर तिने बोट कुठे दाखवायचं?"

म्हणून हे छप्पर. पहिलंच स्वतःचं. आणि वेळ थोडा होता. जावयाची बदली झाली होती, ऑगस्टअखेर सगळे इंग्लंडला परत जाणार होते. त्याच्या आत ते छप्पर पक्कं उभं राहावं आणि आपण त्याच्याखाली एकदा उभं राहावं, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं.

मी साहेबांचा कप पुन्हा भरला.

मग इब्राहिमभाई म्हणाले, "साहेब, माझे एक मामू होते. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं जमवली, स्वतः बिनलग्नाचे. शेवटी त्यांचंही जमलं. सत्तराव्या वर्षी!"

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मला फक्त दोन वर्षं उशीर झालाय!"

* * *

वटवाघळांचा किस्सा साहेबांनी स्वतः सांगितला होता.

एका गावच्या चर्चमध्ये वटवाघळं फार झाली. प्रार्थना चालू असताना वरून पाद्रीबाबांच्या अंगावर पडायचं. पाद्रीबाबांनी साहेबांना बोलावलं, "ह्यांचा बंदोबस्त करा."

आता त्यांच्याकडे कायदा असा, की वटवाघळाला हात लावायचा नाही. घालवायचं नाही, भोक बुजवायचं नाही, झोपेतून उठवायचंसुद्धा नाही. तपासायला एक बाई आली. तिने बॅटरी मारून वटवाघळं मोजली आणि खूश होऊन गेली. पाद्रीबाबांना कोणी मोजलं नाही.

मग साहेबांनी काय केलं? पाद्रीबाबा उभे राहतात तिथे वर लाकडाची एक सुंदर छत्री करून बसवली. नक्षीबिक्षी काढून. लांबलांबून लोक ती बघायला यायला लागले.

पाद्रीबाबा मात्र शेवटपर्यंत एकच सांगायचे, "चर्च वटवाघळांचं आहे. आम्ही पोटभाडेकरू!"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावच्या देवळातही आहेत."

साहेबांनी डोळे मोठे केले. "मग तुम्ही काय करता?"

"घंटा जोरात वाजवतो."

"मग जातात?"

"नाही. पण आम्हाला ऐकू येत नाहीत."

* * *

तिकडे जुन्या चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे असतात. शिशाला भाव चांगला, म्हणून चोर येऊन पत्रेच काढून नेतात. एका चर्चवरून असे दोनदा गेले. तिसऱ्या वेळी गाव म्हणालं, आता शिसं नको. मग साहेबांनी साधे लोखंडी पत्रे घातले आणि वरून शिशासारखा रंग दिला. जवळून बघितलं तरी कळू नये असा.

साहेब खूश. गाव खूश.

पंधरवड्यात चोर पुन्हा आले! निम्मे पत्रे उतरवून गाडीत घालून घेऊन गेले.

आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे पत्रे चर्चच्या दारात परत. नीट एकावर एक रचून.

साहेब म्हणाले, "माझ्या कामाला गावकऱ्यांनी नावं ठेवली, वरच्या साहेबांनी ठेवली. पण चोरांनी माल परत करावा, हे एकदाच झालं!"

इब्राहिमभाई म्हणाले, "साहेब, रंगकाम झकास असणार. नाहीतर नेले कशाला असते?"

साहेबांनी त्यावर बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "इतकी वर्षं झाली, पण ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती." आणि दिवसभर मध्येच हसत होते.

* * *

आता आमचीच फजिती सांगतो.

छपराचा नकाशा पहिल्यांदा टेबलावर पसरला तेव्हा साहेब एका बाजूला आणि आम्ही सुतार समोरच्या बाजूला. म्हणजे आम्हाला सगळं उलटं. आम्ही बघतो तर काय, होडी! खाली कणा, दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेल्या फासळ्या. आमची माणसं सगळी कोकणातली. होडी दिसली की बोलणारच. एक म्हणतो, पोट फार खोल आहे. दुसरा म्हणतो, खोलच बरं, लाटेला बसते. मी म्हटलं, "होडी चांगली आहे, पण वल्हवायला बसायचं कुठे?"

इब्राहिमभाईंनी हसत हसत ते साहेबांना सांगितलं.

साहेब टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आले. आमच्यात उभे राहून नकाशाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चर्चमध्ये लोक बसतात त्या भागाला आमच्या जुन्या भाषेत जहाजच म्हणतात. मला कॉलेजात शिकवलं होतं. दिसलं मात्र आज."

आणि त्यांनी ठरवलं, की छप्पर असंच करायचं. उताणं! होडी बांधतात तसं खाली कणा ठेवून, फासळ्या वर चढवत. पुरं झालं की क्रेनने पालथं करायचं.

काम सुरू झालं. एके दिवशी अर्बाब आले आणि दारातच थांबले. त्यांच्या कारखान्याच्या मधोमध भलं मोठं जहाज!

"इब्राहिम! रुसैलला होडी कोणी मागवली? समुद्र कुठे, आपण कुठे!"

इब्राहिमभाई शांतपणे म्हणाले, "अर्बाब, समुद्राचीही ऑर्डर दिली आहे. इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात येईल!"

* * *

हॉलसाठी बाकंही आम्हीच करणार होतो. साहेबांनी नमुन्याचं एक बाक करून घेतलं आणि आम्हा सगळ्यांना त्यावर बसवलं. पाठीला टेकतंय का, गुडघा कुठे येतो, सगळं बघायचं होतं.

"आरामात बसा," साहेब म्हणाले, आणि टेप आणायला आत गेले.

परत येऊन बघतात तर आम्ही सगळे बाकावर मांडी घालून!

"पाय खाली."

आम्ही पाय खाली सोडले. साहेबांनी माप घ्यायला मान खाली घातली. वर बघतात, तर पुन्हा मांड्या! मुद्दाम नाही हो. आरामात बसा म्हटलं की पाय आपोआप वर येतात.

साहेबांनी कागद काढला आणि बाकाची रुंदी वाढवली.

ते बाक बघायला कमिटीचे फादर आले. केरळचे होते, फार सज्जन माणूस. बाकावर हात फिरवून म्हणाले, "मिस्टर पेंबर, हे फारच रुंद झालं. लोक झोपतील."

"फादर," साहेब म्हणाले, "इंग्लंडमध्ये वीतभर रुंदीच्या बाकावर माझ्या डोळ्यांदेखत माणसं झोपलेली आहेत. झोप बाकावर नसते, प्रवचनावर असते!"

फादर गेले आणि पुढच्या खेपेला येताना आमच्यासाठी केळ्याचे वेफर्स घेऊन आले.

* * *

छप्पर पुरं झालं. क्रेनने पालथं करून कारखान्याच्या आवारात लोखंडी स्टँडवर उभं केलं. वरून फळ्या मारल्या. आता चर्चकडून परवानगी आली, की सुटं करून न्यायचं आणि तिकडे चढवायचं.

परवानगी आली नाही. फादरच आले. बरोबर कमिटीचे दोघंजण, आणि कोणी साहेबांच्या डोळ्यांत बघेना.

कमिटीचं मत बदललं होतं. लाकडी छप्पर सुंदर आहे, पण हॉल आता स्लॅबचा बांधायचा.

"का?" साहेबांनी विचारलं.

त्यातला एकजण म्हणाला, "सर, छप्पर घातलं की संपलं. स्लॅब असली की उद्या वर मजला चढवता येतो."

"मजला? चर्चला?"

"माणसं वाढतात ना, सर."

इब्राहिमभाईंनी मागाहून सांगितलं, तेव्हा हे आम्हाला लगेच पटलं. आमच्याकडे कोण घर बांधून संपवतो? वर सळया उभ्या ठेवायच्याच, मुलगा मोठा होऊन मजला चढवील म्हणून. पण साहेबांच्या मुलखात घर एकदा बांधलं की बांधलं. ते इब्राहिमभाईंकडे बघत राहिले, भाषांतर चुकलं असेल म्हणून. आणि इथे तर भाषांतर नव्हतंच, सगळं इंग्रजीत चाललं होतं!

फादरनी फार माफी मागितली. साहेबांनी त्यांचे हात हातात घेतले, चहा पाजला, गाडीपर्यंत सोडायला गेले.

परत येऊन छपराखाली उभे राहिले. सवयीने वर बघितलं. मग म्हणाले, "चर्चं पडलेली मी खूप बघितली, मेस्त्री. पण बांधायच्या आधीच पडलेलं हे पहिलं!"

सगळे हसले. मी नाही हसलो. साहेबही मग नाकावर रुमाल धरून भुशाच्या नावाने शिंकायला लागले.

* * *

छप्पर तसंच आवारात उभं. त्याचं काय करायचं कोणालाच कळेना. स्टँड भाड्याचे, ते परत द्यायचे होते. म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत एकतर ते कुठेतरी चढवायचं, नाहीतर तोडून फळ्या करायच्या. साहेबांसमोर हा विषय कोणी काढत नव्हतं.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवायचा इथे नियम आहे. एसीच्या खोलीत सगळे मावत नाहीत. तर एका दुपारी कोणीतरी सहज त्या छपराखाली जाऊन आडवा झाला. गार! वर कण्याजवळ साहेबांनी फटी ठेवल्या होत्या, गरम हवा तिथून निघून जायची. दुसऱ्या दिवशी चारजण. आठवड्याभरात आख्खा कारखाना तिथे घोरायला लागला.

अशाच एका दुपारी अर्बाब अचानक आले. ऑफिसात कोणी नाही, शेडमध्ये कोणी नाही. शेवटी छपराखाली बघतात, तर ओळीने माणसं झोपलेली. मी अर्धवट जागा होतो. भीतीने डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काही आवाज नाही. हळूच एक डोळा उघडला, तर अर्बाब डोक्याचं मुंडासं सोडून, त्याची उशी करून इब्राहिमभाईंच्या शेजारी आडवे!

दुपार कलल्यावर असरच्या अजानला त्यांना जाग आली. इब्राहिमभाई शेजारी मालक बघून ताडकन उठले. "अर्बाब, माफ करा, पोरांचा जरा डोळा लागला..."

"पोरांचं सोड," अर्बाब वर बघत म्हणाले. "मला सांग, माझ्या शेळ्या ह्याच्याखाली का नाहीत?"

निझव्याजवळ अर्बाबची खजुराची बाग आहे, आणि तिथे त्यांच्या शेळ्या. अर्बाबचा जीव शेळ्यांत. आम्हा सगळ्यांची नावं त्यांना येत नाहीत, पण शेळ्यांची येतात.

* * *

आता साहेबांना सांगणार कोण?

इब्राहिमभाई म्हणाले, "मी नाही. मी भडाभडा बोलेन आणि म्हाताऱ्याला धक्का बसेल. मेस्त्री, तुम्ही सांगा. तुम्ही सावकाश बोलता. तुमचं पुरं होईपर्यंत ते सावरतील."

म्हणजे माझा हा दोष शेवटी कामाला आला! पण मला इंग्रजी येतं ते मोजून वीस शब्द. ते मनात रचून मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. इब्राहिमभाई दाराआड.

"साहेब. रूफ... गोइंग... निझवा."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचे डोळे एकदम उजळले. "निझवा? पक्कं? मी जायच्या आधी?"

"यस, साहेब."

"माणसं बसणार त्याच्याखाली?"

मी थांबलो. खोटं बोलवेना. "मेनी, साहेब. सिटिंग. स्लीपिंग."

"चांगली माणसं आहेत?"

"व्हेरी गुड, साहेब." पुढचा शब्द मला आठवेना. मी चार बोटं वर केली. "फोर लेग्ज."

साहेब माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी घाबरून दाराकडे बघितलं. इब्राहिमभाईही घाबरून आत आले. बघतो तर साहेब हसतायत! इतके हसले, की चष्मा काढून ठेवावा लागला.

चष्मा पुसता पुसता इब्राहिमभाईंकडून शेळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मेस्त्री, त्या मांडी घालून बसतात का?"

* * *

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही निझव्याला गेलो. परवा साहेबांचं विमान होतं. छप्पर आधीच सुटं करून नेलं होतं, खांब उभे होते. सकाळी लवकर क्रेन आली आणि ऊन चढायच्या आत आम्ही ते चढवलं. मागे उघडा डोंगर, पुढे खजुराची झाडं, शेजारून पाण्याचा पाट वाहतोय, आणि मधोमध ते पालथं जहाज. खरं सांगतो, रुसैलला दिसलं त्यापेक्षा इथे चांगलं दिसत होतं.

साहेब सूट घालून आले होते! एवढ्या उन्हात कोट आणि टाय. बाजूला उभे. अजून आत गेले नव्हते. म्हणाले, "ज्यांचं आहे ते आधी. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

अर्बाबनी कुंपणाचं दार उघडलं. शेळ्या बाहेर आल्या, छपरापर्यंत आल्या, आणि थांबल्या.

एकही आत जाईना! नवी सावली, नवा वास. अर्बाबनी नावं घेऊन हाका मारल्या. खजूर टाकले. शेळ्यांनी सावलीबाहेर पडलेले तेवढे खाल्ले आणि पुन्हा उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. इब्राहिमभाईंनी एकीला उचलून आत ठेवलं. ती त्यांच्या आधी बाहेर!

अर्बाब शरमले. साहेब हसून "असू दे" म्हणत होते, पण टोपी हातात घेऊन तिच्या कडा नुसत्या चोळत होते. जन्मात एक छप्पर, आणि त्याच्याखाली शेळीसुद्धा यायला तयार नाही!

अर्बाब मला म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही लोक नव्या जागेत काहीतरी करता ना? ते करा."

नारळ माझ्या पिशवीत होता. क्रेनच्या कामाला मी नारळ नेतोच; मस्कतच्या मत्रह बाजारातून आणलेला होता. पण नारळ ठेवायचा तर गाऱ्हाणं घालायला हवं, आणि गाऱ्हाणं हे खणखणीत आवाजाच्या माणसाचं काम. गावी मी कायम मागे उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांतला. इथे मात्र माझ्याइतका म्हातारा दुसरा सुतार नव्हता.

नारळ पुढच्या दोन खांबांमध्ये, उंबरा असता तिथे, ठेवला. हात जोडले. आणि अडलो. गावी ग्रामदेवतेचं नाव घेऊन सुरुवात करायची असते. इथल्या राखणदाराचं नाव मला कुठे ठाऊक?

"बा देवा म्हाराजा," मी सुरुवात केली. "ह्या डोंगराचो, ह्या पाण्याचो, ह्या जाग्याचो जो कोण राखणदार असात, त्येका आमचो नमस्कार, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून आमची माणसं.

साहेब दचकले. मग तेही येऊन माणसांच्या रांगेत उभे राहिले.

"ह्या छप्पर ह्या साहेबान केला हा. जन्मभर दुसऱ्यांची छपरा शिवली, स्वताचा ह्या एकच. ता गोड मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या खेपेला इब्राहिमभाईंचाही आवाज होता. अर्बाबनी दोन्ही हात पसरले होते.

"आमच्या हातसून काय चुकला माकला असात, तर ता पदरात घे. ह्या मुक्या जनावरांका ह्येच्याखाली सावली गावांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता साहेबही. मघाशी नुसते ओठ हलले होते, आता चांगला आवाज लागला.

तेवढ्यात कळपातली एक म्हातारी, लांब कानांची शेळी पुढे आली. तिने माझा नारळ हुंगला. मी श्वास रोखून उभा. तिने नारळाला वळसा घातला आणि आत शिरून बरोबर मधोमध बसली.

मग दुसरी. मग चारपाच एकदम. मग सगळ्या.

माझा आवाज मला आवरेना. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आपोआप आलं. "आणि ह्यो साहेब परवा दर्यापार जाता हा. त्येका सुखरूप पोचव. आणि एकदा, फक्त एकदाच, ह्या छपराखाली परत घेवन ये, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा. डोंगरावरून परत आला तो!

साहेब आत गेले. शेळ्यांमधून वाट काढत मध्ये जाऊन उभे राहिले आणि वर बघितलं. बराच वेळ बघितलं. आम्ही कोणी बोललो नाही. इब्राहिमभाईसुद्धा!

बाहेर आले तेव्हा कोटाची एक बाही ओली होती, शेळीने चघळलेली.

इब्राहिमभाईंना मग राहवेना. "साहेब, शेवटी मेस्त्रीने काय मागितलं ते कळलं का? तुम्ही सगळ्यांत जोरात हो म्हणालात!"

साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली आणि म्हणाले, "इब्राहिम, चर्चमध्ये समोरचा थांबला की मोठ्याने हो म्हणायचं, एवढंच मला लहानपणापासून शिकवलंय. कशाला, ते आधी विचारायचं असतं होय?"